चालुंगच्या नोंदी: सेरायूकाठचे आठ आठवडे

8 जुलै 2024, सोमवार. पुर्वोकर्तो

पहाटे गाडीतून उतरले तेव्हा उत्तरेला स्लामेत पर्वत स्पष्ट दिसत होता. 3,428 मीटर उंच, इंडोनेशियातल्या मध्य जावाचं सगळ्यात उंच शिखर. यायू म्हणाली, आत्ता बघून घे, नऊनंतर तो ढगात जातो. नऊनंतर गेलाच.

यायू म्हणजे इथल्या बोलीत ताई. ती पुर्वोकर्तोच्या एका शाळेत शिकवते. प्रकल्पात मुलाखती आणि भाषा तिच्याकडे, ध्वनिमुद्रण माझ्याकडे. कॅमेऱ्याला गावातलाच एक मुलगा आहे, त्याला सगळे कांग म्हणतात, म्हणजे दादा. वयाने तो माझ्याहून लहान, तरी मीही कांगच म्हणते.

काम असं ठरलं आहे: सेरायू नदीकाठच्या एका गावातल्या चालुंग मंडळाच्या, म्हणजे बांबूची वाद्यं वाजवणाऱ्या मंडळाच्या, सगळ्या चालींचं मुद्रण करायचं, वाद्यं कशी बनतात ते पाहून लिहायचं, आणि वादकांकडून ऐकायचं की हे संगीत ‘आपलं’ आहे असं ते म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात नेमकं काय असतं. तिसरा भाग अर्जात एका ओळीत होता. मलाही तेव्हा तो पुरवणीसारखा वाटला होता.

11 जुलै, गुरुवार

वाद्यांची ओळख झाली. सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

चालुंग म्हणजे बांबूच्या नळ्यांचं वाद्य. नळीचं एक टोक पेरापाशी बंद असतं. दुसऱ्या बाजूने अर्धी नळी तासून काढतात, म्हणजे खाली पोकळी आणि वर जिभेसारखी पट्टी राहते. अशा नळ्या दोरीने ओवून लाकडी चौकटीवर आडव्या मांडतात आणि गुंडाळी केलेल्या काठ्यांनी वाजवतात. पश्चिम जावात, सुंदा लोकांत चालुंग नावाचं वाद्य हातात धरून वाजवतात. नाव तेच असलं तरी घराणं वेगळं. इथलं चालुंग जमिनीवर बसतं आणि त्याला अख्ख्या गामेलानचं, म्हणजे जावाच्या पारंपरिक वाद्यवृंदाचं, काम करायचं असतं.

दोन मोठी गंबांग, म्हणजे अशा नळ्यांच्या चौकटी, आहेत: बारुंग आणि पनरुस. मग देंदेम आणि केनोंग, प्रत्येकी सहा नळ्यांची. कातडी कंदांग, म्हणजे ढोल. आणि गोंग बुंबुंग.

गोंग बुंबुंग पाहून मी बराच वेळ काही बोललेच नाही. मांडीएवढा जाड बांबू, त्यात सोडलेली एक बारीक नळी. वादक त्या नळीतून ओठ थरथरवत फुंकतो आणि बांबूच्या पोटातून गोंगसारखा खोल, घुमणारा आवाज येतो. दरबारी गामेलानमध्ये गोंग काशाचा, घडवणारे कारागीर वेगळे, किंमत राजाला परवडेल अशी. इथे तेच काम माणसाची फुंकर करते. फुंकणारे काकी सत्तरीच्या पुढचे आहेत.

(काकी म्हणजे बान्युमासच्या, या भागाच्या, बोलीत आजोबा. आजीला नीनी. पहिल्या दिवशी ‘काकी येताहेत’ असं ऐकून मी एखाद्या बाईची वाट पाहत बसले होते. आता जीभ वळली आहे.)

सूर पाच, स्लेंद्रो पद्धतीचे. आकड्यांनी मोजतात: 1, 2, 3, 5, 6. तोंडाने म्हणताना जी, रो, लू, मा, नेम. सप्तक पाच जवळजवळ सारख्या पावलांत चढायचं, त्यामुळे आपल्या कानाला कुठलाच सूर नेमका ‘आपल्या जागी’ बसत नाही. पहिले दोन दिवस मी त्यात भूप शोधत होते. तो नाद सोडल्यावर ऐकू यायला लागलं.

सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे इंबाल. दोन्ही गंबांग एकमेकांच्या मोकळ्या जागेत आघात करतात. एक पडतो तेव्हा दुसरा उचललेला असतो. दोघांचं मिळून एकच अखंड धावतं चलन ऐकू येतं, आणि त्यातलं कुणाचं किती हे डोळे मिटले की सांगता येत नाही. बारुंग आणि पनरुस वाजवणारे सख्खे भाऊ आहेत. जेवताना मात्र एकमेकांशी फारसं बोलत नाहीत.

19 जुलै, शुक्रवार

दिवसभर वाद्य बनवणाऱ्या काकींच्या अंगणात.

बांबू प्रिंग वुलुंग, काळसर जांभळ्या सालीचा. हिरवा असताना तोडून लगेच वापरत नाहीत. कोरड्या हंगामात तोडायचा, सावलीत उभा करून ठेवायचा, महिनोन् महिने सुकू द्यायचा. ओल्या दिवसांत तोडलेल्या बांबूत पीठ जास्त असतं, मग भुंगा लागतो आणि वर्षाच्या आत वाद्याची भुकटी होते. काकी महिने इंग्रजी पंचांगाने सांगत नाहीत, जुन्या शेतकरी पंचांगाने सांगतात. या पंचांगात वर्षाचे बारा ‘मांसा’ असतात आणि प्रत्येकाचे दिवस कमीजास्त: पहिला कासा 41 दिवसांचा, 22 जूनच्या सुमारास सुरू होणारा, त्यानंतरचा कारो फक्त 23 दिवसांचा. सध्या कासा चालू आहे. त्यांनी बेटातला एक बांबू हाताने थोपटला आणि म्हणाले, हा कातेलूत तोडीन. म्हणजे ऑगस्ट संपता संपता.

सूर लावण्याचं काम बघत मी चार तास बसले. जीभ टोकाकडून कापली की सूर चढतो. बुडाशी तासली की उतरतो. पण जिभेचा सूर आणि खालच्या पोकळीचा सूर एक झाल्याशिवाय नळी बोलत नाही, नुसती टकटक करते. पोकळीचं गणित सोपं आहे: एका टोकाला बंद नळी आपल्या लांबीच्या चौपट लहरीला साद देते. 440 हर्ट्झच्या सुराला साधारण साडेएकोणीस सेंटिमीटर खोली लागते. मी ते वहीत मांडून दाखवलं. काकींनी वही पाहिली, मान डोलावली, आणि नळी कानाशी धरून तिच्या तोंडावर हलकेच फुंकलं. मग जिभेवर टिचकी मारली. दोन्ही आवाज जुळले तसे त्यांनी नळी माझ्या कानाशी धरली. ते जुळणं कानाला नव्हे, गालाला कळतं. हे वहीत कसं लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.

संदर्भाचा सूर ते कुठून घेतात, असं यायूने विचारलं. घरात जुन्या चालुंगची एकच नळी जपून ठेवली आहे, नेम सुराची. वडिलांनी कापलेली. सगळी वाद्यं तिच्यावरून लागतात. शेजारच्या गावचा नेम थोडा वेगळा आहे, आणि तो चुकीचा आहे असं कुणीही म्हणत नाही.

त्या नळीचं वेगळं मुद्रण केलं. 96 किलोहर्ट्झ, 24 बिट. बारा वेळा टिचकी.

27 जुलै, शनिवार

पहिलं पूर्ण मुद्रण. सहा चाली: ‘रिचिक-रिचिक’, ‘एलिंग-एलिंग’, ‘गुद्रिल’, ‘रेंगोंग मानिस’, ‘बेंद्रोंग कुलोन’, ‘कुलू-कुलू’. समाजमंदिरात, रात्री दहानंतर, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारसायकली कमी झाल्यावर.

गोंग बुंबुंगला माइक कुठे ठेवायचा हाच मोठा पेच. तोंडाजवळ ठेवला तर फुंकरीचा भपकारा येतो, बुडाशी ठेवला तर आवाज कोरडा होतो. शेवटी बाजूने, एक हात अंतरावर. तरी प्रत्येक गोंगच्या आधी काकी श्वास घेतात तो ऐकू येतोच.

दुसरी अडचण सेंगाकानची. वाजवता वाजवता पुरुष मंडळी मध्येच ओरडतात: छोटे उद्गार, निरर्थक बोल, एकमेकांना टोमणे, कधी अर्धी ओळ. गाणाऱ्या बाईच्या आवाजावर ते येतात आणि माइकचा काटा लाल होतो. मी दोनदा सांगितलं, जरा हळू. त्यांनी ऐकलं.

29 जुलै, सोमवार

हे लिहिताना वाईट वाटतं आहे, पण नोंद खरी असायला हवी.

रविवारी दिवसभर बसून मुद्रण ‘स्वच्छ’ केलं. श्वास काढले. उरलेले सेंगाकान खाली दाबले. आज संध्याकाळी मंडळाला ऐकवलं. सगळे शांतपणे ऐकत होते, चहा निवत होता. ‘गुद्रिल’ संपल्यावर कंदांगवाल्यांनी विचारलं, “हे कुठल्या गावचे?”

मला वाटलं कौतुक आहे. यायूचा चेहरा पाहिला आणि कळलं की नाही.

मग ते समजावून सांगायला लागले, अजिबात न रागावता. सेंगाकान म्हणजे वरून टाकलेली फोडणी नाही. कंदांग वळण घेणार हे वादकांना त्यातून कळतं. गाणारीचा दम कुठे भरतो ते त्यातून झाकलं जातं. आणि मुख्य म्हणजे बोली त्यात असते. गंबांगची चाल सोलोचा, म्हणजे दरबारी शहरातला, माणूसही शिकून वाजवील, पण हे ओरडणं त्याला जमायचं नाही, त्याचे ‘आ’ गोल होतात.

फुंकणाऱ्या काकींनी एवढंच विचारलं, “माझा श्वास कुठे गेला?”

मूळ फाइली शाबूत आहेत. साफ केलेली प्रत पुसून टाकली.

2 ऑगस्ट, शुक्रवार

आज दुसरा मांसा, कारो, सुरू झाला. काकींनी आठवण करून दिली.

‘आ’चं प्रकरण नीट लिहून ठेवते. जावानी भाषेची प्रतिष्ठित बोली म्हणजे सोलो आणि यॉग्याकार्ता या दोन दरबारांची. तिथे कित्येक शब्दांतला शेवटचा ‘आ’ वळून ‘ऑ’ होतो. भाताला ते म्हणतात ‘सगॉ’. बान्युमासमध्ये ‘सगा’. ‘काय’ म्हणजे तिकडे ‘ऑपॉ’, इकडे ‘आपा’, आणि शेवटी गळ्यातला एक छोटा अडसर. शब्दाअंतीचा ‘क’ तिकडे गिळला जातो, इकडे टणक वाजतो. म्हणून या बोलीला ङापाक म्हणतात. ‘मी’ला इथे ‘इन्योंग’. दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांत नोकर, गावंढळ, भोळसट माणूस ही बोली बोलतो. भाषेचे अभ्यासक मात्र सांगतात की हा उघडा ‘आ’ जुन्या जावानीचा आहे, बदलले ते दरबार.

यादी करताना एक गोष्ट ध्यानात आली. रोमन लिपीतल्या प्रमाण लेखनात दोन्ही उच्चार सारखेच लिहिले जातात. कागदावर सोलोचा भात आणि बान्युमासचा भात एकच. माझी स्वतःची वही देवनागरीत आहे, मी ऐकते तसं लिहिते, त्यामुळे तिथे ‘सगा’ आणि ‘सगॉ’ वेगळे पडले होते. यायूला ते वाचून दाखवलं. तिने वहीचं पान हातात घेतलं, अक्षरं तिला वाचता येत नव्हती तरी बोट ठेवून म्हणाली, हा आमचा, हा त्यांचा, बरोबर? बरोबर होतं.

तेव्हा ठरलं: प्रत्येक नोंदीसोबत चालीचं नाव वादकाने स्वतःच्या तोंडाने उच्चारलेलं, अशी पाच-दहा सेकंदांची फाइल जोडायची. लिहिलेलं नाव त्याच्या खाली.

मी जळगावकडची. घरात अहिराणी. शाळेत बाईंनी ‘नीट बोल’ म्हणून उभं केलं होतं ते तिसरीतलं आहे, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मी आजीशी फोनवर बोलताना दार लावून घेत असे. यायूला सांगितलं. ती म्हणाली, यॉग्याकार्ताला कॉलेजात असताना ती पहिलं वर्षभर वर्गात गप्पच बसायची.

6 ऑगस्ट, मंगळवार

दमट हवेने एका माइकमध्ये खरखर. सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेवला, सुधारला. दिवसभर वीज नव्हती. सोकाराजाला जाऊन शेंगदाण्याची तिखट चटणी घातलेला सोतो खाल्ला, येताना गेतुक गोरेंग आणलं. बाकी काम नाही.

9 ऑगस्ट, शुक्रवार

चालुंग एकटं वाजत नाही, ते लेंगेरसाठी वाजतं. लेंगेर म्हणजे नाचणारी आणि गाणारी कलावंत. नावाची इथली फोड सगळ्यांना पाठ आहे: ‘लेंग’ वाटलं, निघालं ‘जेंगेर’. लेंग म्हणजे छिद्र, जेंगेर म्हणजे कोंबड्याचा तुरा. बाई समजलो, पुरुष निघाला. पूर्वी पुष्कळ लेंगेर पुरुष असत, त्यांना लेंगेर लानांग म्हणतात. तमाशातला नाच्या पाहिलेल्या माणसाला वाटेल की ओळखीचं आहे, पण इथे तो सोंगाड्याच्या जोडीचा नाही. रात्र त्याच्याच नावावर असते.

आज सोमागेदे तालुक्यातल्या प्लाना गावाकडे गेलो. लेंगेर लानांग दारियाह तिथल्या. 2018 च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. आयुष्याचा मोठा भाग त्या बाई म्हणूनच जगल्या, गावाने तसंच मानलं, आणि म्हातारपणी, 2011 मध्ये, सरकारने पारंपरिक कलेच्या उस्ताद म्हणून त्यांचा सन्मान केला. कालिओरी गावचे रियांतो आज ही परंपरा जगभर नाचतात, जपानात राहतात, आणि गावाकडे पुढची पिढीही तयार करतात.

परतताना एका जुन्या वादकांकडे थांबलो. साठच्या दशकाबद्दल विचारलं. 1965 नंतर जावाभर लोककलावंतांकडे संशयाने पाहिलं गेलं, माणसं मारली गेली, कोंडली गेली, मंडळं मोडली. ते बोलायला लागले, दोन वाक्यं बोलले आणि थांबले. यायूने माझ्याकडे पाहिलं. मी यंत्र बंद केलं आणि बंद केल्याचं त्यांना दिसेल असं झाकण लावून ठेवलं. नंतर ते तासभर बोलले. ते इथे लिहिणार नाही. नोंदपत्रकात एवढंच: मुलाखत क्र. 9, 1 मिनिट 40 सेकंद, पुढे वक्त्याच्या इच्छेने मुद्रण नाही.

13 ऑगस्ट, मंगळवार

कॅसेटी! कंदांगवाल्यांच्या बहिणीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला. अकरा कॅसेटी, बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, बान्युमासच्या चालींच्या. त्या काळात इथल्या संगीताच्या कॅसेटी भरपूर निघत आणि पुर्वोकर्तोच्या सरकारी रेडिओवर या चाली नेहमी लागत. तीन कॅसेटी घरगुती, लग्नातल्या.

दोन फितींना बुरशी. एका कॅसेटीतला मागचा स्पंजचा तुकडा गळून पडला होता, त्यामुळे फीत डोक्याला टेकत नव्हती. फीत दुसऱ्या कवचात भरली, डोक्याचा कोन स्क्रूने हळूहळू फिरवत सगळ्यात उजळ आवाज येईल तिथे आणला. हे काम मला मनापासून आवडतं. धुरकट काच पुसत जावी तसं मागून एकेक वाद्य वर येतं: आधी कंदांग, मग बारुंग, सगळ्यात शेवटी गोंग.

लग्नाच्या फितीवर चाल सुरू होण्याआधी पावणेतीन मिनिटं नुसती माणसं बोलताहेत. कुणाला चहा मिळाला नाही, कुणाची चप्पल हरवली. मी पुढे सरकवणार होते. त्या बाईंनी माझा हात धरला. चपलेबद्दल बोलणारी त्यांची आई होती. एकोणीस वर्षांपूर्वी गेलेली. संगीत सुरू झालं तेव्हा त्यांनी फीत मागे घ्यायला लावली.

बाजारातल्या कॅसेटींवरही सेंगाकान मोठ्याने, पुढे, गाणारीच्या बरोबरीने. ज्याने त्या मुद्रित केल्या त्याला ठाऊक होतं.

18 ऑगस्ट, रविवार

कालच्या रात्रीची नोंद आज.

17 ऑगस्ट, इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. इथे सात दिवसांच्या आठवड्यासोबत पाच दिवसांचं एक चक्रही चालतं. काल त्यातला मानिस होता (दरबारी बोलीत लेगी). 1945 च्या 17 ऑगस्टलाही तोच होता. फुंकणाऱ्या काकींनी हे बोटांवर मोजून सांगितलं, मी मोबाइलवर पडताळलं, बरोबर निघालं.

मैदानात मांडव. सुरुवात ‘सेकार गादुंग’ने, ती आधी वाजते म्हणजे वाजतेच, तोवर कुणी गोंधळ करत नाही. उदबत्त्या, फुलं, नैवेद्य. मग पहिला भाग, गांब्योंगान, लेंगेर संथ नाचते. तिसऱ्या चालीला तिने ओढणीसारखा सांपूर एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकला आणि त्याला रिंगणात आणलं. दुपारी काठी टेकत आलेला माणूस तो. रिंगणात काठी दिसली नाही. मग विदूषक, मग बांबूच्या चटईच्या घोड्यांचा एबेग. एबेगमध्ये एकाच्या अंगात आलं, लोकांनी सवयीने जागा करून दिली.

शेवटी बालादेवान. लेंगेर वेष बदलून पुरुषी ढंगात नाचते, आणि तो पुरुष म्हणजे बालादेवा, कृष्णाचा थोरला भाऊ. म्हणजे आपला बलराम. ताठ मान, रुंद पावलं, डोळ्यांत जरब. रात्री दोन वाजता सेरायूच्या काठावर बलराम नाचतो आहे आणि भोवती पोरं अर्धवट तळलेलं मेंदोआन खाताहेत, हे दृश्य मी विसरणार नाही.

मुद्रण या वेळी वेगळं केलं. एक माइक फक्त सेंगाकानसाठी, वादकांच्या मधोमध. दोन प्रेक्षकांत. श्वासासाठी काहीच केलं नाही, तो आपोआप येतो.

पहाटे सामान आवरताना कंदांगवाल्यांना विचारलं, बान्युमासचा माणूस कसा ओळखायचा? त्यांनी बावोरचं नाव घेतलं. बाहुल्यांच्या खेळातला हा सेवक सोलोकडे बागोंग म्हणून ओळखला जातो आणि भावांत धाकटा असतो. इथे तो बावोर, आणि सगळ्यांत थोरला. पोट सुटलेला, तोंडावर खरं बोलणारा. त्या बोलण्याला शब्द आहे चाब्लाका, मनात येईल ते आडपडदा न ठेवता सांगणं. आणि एक जुनी म्हण त्यांनी दोनदा म्हटली: “आदोह रातू, पेरेक वातू.” राजापासून लांब, दगडाजवळ. दोन्ही दरबार पूर्वेला राहिले, आणि 1830 मध्ये जावा युद्ध संपल्यावर बान्युमास डचांच्या ताब्यात गेलं ते गेलंच. म्हण ऐकायला हीनपणाची वाटते. म्हणताना त्यांची मान मात्र वर होती.

22 ऑगस्ट, गुरुवार

बान्युमास या जुन्या गावी गेलो. 1937 मध्ये कचेऱ्या पुर्वोकर्तोला गेल्या आणि हे गाव मागे राहिलं, म्हणूनच कदाचित जुनं राहिलं. इथल्या सरकारी कला-विद्यालयात संगीत-नृत्य शिकवतात. मुलं-मुली चालुंग शिकत होती. इंबाल जमत नव्हतं, दोघी हसून लोटपोट. चौथ्या प्रयत्नात जमलं, आणि हसू थांबलं.

एका मुलाने विचारलं, आंगक्लुंगला युनेस्कोने 2010 मध्ये मान्यता दिली, चालुंगला कधी? आंगक्लुंग सुंदा लोकांचं, हलवून वाजवायचं बांबूचं वाद्य. 1938 च्या सुमारास दाएंग सुतिग्ना यांनी ते पाश्चात्त्य सप्तकात बसवलं आणि त्यानंतर ते शाळाशाळांत पोहोचलं. मोठं काम आहे ते. पण चालुंग तसं बसवलं तर काकींच्या घरातल्या नेम नळीचं काय करायचं? मुलाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. त्याचं म्हणणंही खोटं नाही: मान्यता आली की शिष्यवृत्त्या येतात. आमच्या मंडळातल्या दोघांनी काही वर्षं यॉग्याकार्ताच्या मालिओबोरो रस्त्यावर सिग्नलपाशी बांबू वाजवून घर चालवलं आहे. तिथे ते दांगदुत, म्हणजे लोकप्रिय नाचाची गाणी, वाजवायचे, कारण पैसे त्याला मिळतात.

28 ऑगस्ट, बुधवार

27 जुलैच्या सहाही चाली पुन्हा घेतल्या. या वेळी कुणालाच ‘हळू’ म्हटलं नाही. काटा चार वेळा लाल झाला, तेवढ्यापुरता माइक मागे घेतला, माणसं नाही.

कातेलू लागून तीन दिवस झाले. सकाळी काकींनी तो बांबू तोडला. त्याच्यासह पाच बांबू, घराच्या मागच्या भिंतीला उभे. मला म्हणाले, पुढच्या वर्षी यांना आवाज येईल, तेव्हा तुझं यंत्र घेऊन ये.

31 ऑगस्ट, शनिवार

समाजमंदिरात सगळं परत दिलं. दोन हार्ड डिस्क, एक मंडळाकडे, एक यायूच्या शाळेत. मोबाइलवर ऐकण्याजोग्या फाइली वेगळ्या. कॅसेटींच्या प्रती त्या बाईंना, चपलेच्या संवादासकट. मुद्रणाचे हक्क मंडळाचे, बाहेर कुठे वापरायचं तर आधी त्यांना विचारायचं, हे कागदावर आणि तोंडी दोन्ही.

यादी मोठ्याने वाचली. 41 नोंदी. यायू नाव वाचायची, ज्याची चाल त्याने उच्चार तपासायचा. तीन ठिकाणी दुरुस्त्या निघाल्या, दोन माझ्या कानाच्या, एक यायूच्या. तिच्या तोंडून नकळत ‘ऑ’ गेला होता. अख्खं समाजमंदिर एकदम ओरडलं: “आ!” ती हसली, पुन्हा वाचलं, नीट.

शेवटची नोंद ‘गुद्रिल’ची. फुंकणारे काकी माझ्या शेजारी येऊन बसले, हेडफोन लावला, डोळे मिटले. पहिला गोंग आला. त्यांनी हात वर केला, मी थांबवलं. मागे घे म्हणाले. घेतलं. गोंगच्या आधी, गंबांगच्या धावण्याखाली, श्वास. त्यांनी नातवाला बोलावलं, एक कान त्याच्या कानाला लावला आणि तोच तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

नोंद क्र. 41, 2 मिनिटं 10 सेकंद. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं: श्वास, इन्योंग.